न परतलेल्यांचे शब्द

“आधी अर्धा, मग अर्ध्याचा अर्धा, मग त्याचाही अर्धा. आता हे जे उरलंय, त्याला बन म्हणायचं की बनाची आठवण?”

रुमेन हे इंगेलाच्या कानाशी पुटपुटला. ताटलीत मलईच्या बनाचा नखाएवढा तुकडा उरला होता, आणि तो आपल्याला दिसतच नाही असा चेहरा करून पाच शिकलीसवरलेली माणसं ताटलीभोवती कॉफी पीत उभी होती. गोटेबोर्ग शहरात शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. रुमेन बल्गेरियातला, अकरा वर्षं इथे काढूनही हे काही त्याच्या पचनी पडलं नव्हतं.

“मग तू खा की,” इंगेला म्हणाली.

“आणि तुम्ही सगळे वर्षभर काही न बोलता माझ्याकडे बघत राहणार. नको बाई. तुमचं ते न बोलणं मला सोसत नाही.”

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर ट्रामच्या तारांवर पाऊस आडवा लागला होता आणि खिडकीशी वाळत टाकलेल्या कोटांमुळे खोलीला भिजल्या लोकरीचा वास येत होता. टोरग्नीनं कप खाली ठेवला आणि रुमेनला म्हटलं, “हं, काढ आजची वाक्यं.”

ही वाचनाची पद्धत विभागप्रमुख टोरग्नीनंच पाडलेली. विभागाचं काम म्हणजे कॉम्प्युटरला व्याकरणं शिकवणं. त्यासाठी एक वेगळी भाषा होती, आणि तिच्यात मुळात दोनच गोष्टी होत्या: प्रकार आणि फंक्शनं. इंगेला मनातल्या मनात त्यांना डबे आणि साचे म्हणे. माणसांचा डबा, वस्तूंचा डबा, क्रियांचा डबा. साच्यात एका डब्यातलं माणूस घाला, दुसऱ्यातली क्रिया घाला, खालून वाक्य पडतं. भलत्या डब्यातलं घालायला गेलात तर यंत्र सरळ नाही म्हणतं. त्याला भीड नसते. रोज पहाटे ते आपलं आपण डब्यांत हात घालून वीस वाक्यं पाडी. ती व्याकरणात चोख आणि अर्थानं येडचाप असत, आणि कुठे चुकतंय का हे बघायला कुणीतरी ती मोठ्यानं वाचायची.

“पाद्रीबुवांचे सात हेरिंग मासे जिन्यापेक्षा धार्मिक आहेत,” रुमेननं वाचलं. सगळे हसले. “अल्फहिल्डची मेंढी उद्या न्यायाधीश होती.” पुन्हा हसले. मग त्यानं कागद जरा डोळ्यांपासून लांब धरला. “एव्हर्टची होवा खुंटीवर आहे.”

“होवा,” टोरग्नी म्हणाला. “काय सुरेख शब्द आहे. कशाला म्हणतात गं?”

प्रत्येक वाक्याखाली कोणत्या डब्यातून काय घेतलं ते बारीक अक्षरांत छापलेलं असे. इंगेलानं रुमेनच्या खांद्यावरून ते वाचलं. ‘टोपी, न परतलेल्याची.’

“टोपीला,” ती म्हणाली. मग तिनं ती बारीक ओळ पुन्हा वाचली. कारण टोपीसाठी तिनं दिलेला शब्द ‘कूलमा’ होता. होवा हा शब्द तिनं आयुष्यात ऐकला नव्हता.

*

सेलशेर हे किनाऱ्यापासून बोटीनं अर्ध्या तासावरचं कोळ्यांचं बेट. तिथली बोली नीट बोलणारं एकच माणूस उरलं होतं, अठ्ठ्याऐंशी वर्षांची अल्फहिल्ड. इंगेला गेल्या वर्षभरात तिच्याकडे अकरा वेळा जाऊन आली होती. सकाळची बस, मग बोट, अकरा वीसला धक्का, धक्क्यावरून चढण चढून पिवळं घर. एक वाजता तळलेलं हेरिंग आणि बटाटे, त्यानंतर पाऊण तास म्हातारी बसल्या जागी डोळे मिटून घेई. तेवढा वेळ इंगेला घड्याळाची टिकटिक ऐकत बसे. तीन दहाला परतीची बोट.

त्या बेटावर एक रीत होती. समुद्रानं नेलेला माणूस सापडला नाही, तर त्याला ‘आहे’ म्हणत नसत आणि ‘होता’ही म्हणत नसत. त्याच्या वस्तूंची नावं बदलत. त्याच्या टोपीला टोपी म्हणायचं नाही, खुर्चीला खुर्ची नाही, त्याच्या वाट्याच्या भाकरीला भाकरी नाही. त्या सगळ्याला वेगळे शब्द होते, फक्त बायकांच्या तोंडी. कधी काळी तो किनाऱ्याला लागलाच, तर त्या दिवशी शब्द पुन्हा साधे होत: टोपीची टोपी, खुर्चीची खुर्ची. नाही लागला तर नाही. अल्फहिल्डचा भाऊ एव्हर्ट विसाव्या वर्षी बोटीसकट गेला. बोटीवरचे बाकीचे दोघे सापडले. त्याची खुर्ची खिडकीशी होती आणि टोपी दारामागच्या खुंटीवर, पासष्ट वर्षांहून जास्त.

इंगेलानं व्याकरणात त्यासाठी एक नवा प्रकारच केला होता. जिवंत माणसांचा डबा एक, मेलेल्यांचा दुसरा, आणि न परतलेल्यांचा तिसरा. त्या तिसऱ्या डब्यात एकच नाव होतं, एव्हर्ट. शब्द एकंदर चव्वेचाळीस, असं म्हातारीनं बोटांवर मोजून सांगितलं होतं. पण अकरा बैठकांत तिनं दिले ते सहाच. प्रत्येक शब्दानंतर ती उठून चुलीतलं लाकूड उगाच हलवी.

मग ऑक्टोबरात तिनं स्वतःहून फोन केला. “मंगळवारी ये. उरलेले सगळे सांगते. एकदा सांगून मोकळी होते. अंड्याचा खरवस करते, तुला आवडतो तो.”

मंगळवारी, आठ ऑक्टोबरला, सकाळी साडेसातला इंगेला खिडकीशी उभी होती. पाऊस होता, पण रोजचाच. बस होती, बोटही होती. नव्हती ती फक्त इच्छा. बसचे दोन तास, मग बोट, आणि मग म्हातारी रडणार, आपण टेबलाच्या कडेकडे बघत बसणार. पुढच्या मंगळवारी जाऊ, तिनं स्वतःला सांगितलं आणि फोन लावला.

“मावशी, वाऱ्यानं बोट बंद आहे गं आज.”

 म्हातारीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सबंध धक्का दिसतो, हे इंगेलाला शब्द तोंडातून गेल्यावर आठवलं. आणि तेवढ्यात फोनमध्ये, म्हातारीच्या मागे कुठेतरी, सकाळच्या पहिल्या बोटीचा भोंगा वाजला. दोघींनी तो ऐकला.

“हो गं,” अल्फहिल्ड म्हणाली. “वारा असेल.”

पुढच्या मंगळवारी इंगेलाला सर्दी झाली होती. खरोखरच झाली होती, पण आता ते कुणाला सांगणार. सत्तावीस तारखेला अल्फहिल्ड गेली. इंगेलानं फुलं पाठवली. अंत्यविधीला गेली नाही. कुठल्या तोंडानं जायचं?

आणि मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिनं ते केलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जुन्या कोळ्यांच्या बोलींचे चार शब्द इकडून, दोन तिकडून घेऊन, त्यांना पिळून-मुरगाळून तिनं अडतीस शब्द तयार केले. प्रत्येकापुढे लिहिलं: ‘सांगणार अल्फहिल्ड, मंगळवार, आठ ऑक्टोबर.’ दुपारपर्यंत उरकलं. नंतर तिनं केकचं पीठ भिजवलं आणि केक चांगला फुलला, हेही तिला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

का केलं? विभागात प्रत्येकाच्या नावामागे पदवी होती. इंगेलाच्या नावामागे फक्त आडनाव. बावीस वर्षांपूर्वी ती इथे टंकलेखनाला आली आणि लोकांच्या टाकून दिलेल्या कागदांवरून सगळं आपलं आपण शिकली. सेलशेरचं व्याकरण हे जगात एकुलतं एक काम होतं ज्यावर तिचं नाव पहिलं येणार होतं. ते अठ्ठावीस फेब्रुवारीला, शुक्रवारी, जगासमोर खुलं व्हायचं होतं. उन्हाळ्यात निवृत्त होणारा टोरग्नी त्या दिवशी भाषण करणार होता, आणि बाकी काही नाही, न परतलेल्यांच्या शब्दांवरच बोलणार होता. तो डबा सहा शब्दांवर सोडणं तिच्यानं झालं नाही.

अकरा बैठकांचं ध्वनिमुद्रण होतं. बाराव्या बैठकीचं नव्हतं. बॅटरी संपली, असं तिनं सांगितलं तेव्हा टोरग्नीनं चष्मा पुसला आणि रुमेननं कपात पाहिलं. कुणी काही विचारलं नाही.

*

होवा ऐकल्यावर तिनं पहिल्यांदा शहाण्या बाईनं करावं तेच केलं. फाइल उघडली. टोपीपुढे होवा लिहिलेलं होतं. मी चुकून बदललं असेल, ती म्हणाली. पण घरी टेबलाच्या खणात नोव्हेंबरचा कागद होता आणि त्यावर तिच्याच अक्षरात कूलमा होतं.

दुसऱ्या दिवशी खुर्चीचा शब्द बदलला. तिसऱ्या दिवशी भाकरीचा. मग एकदम चार. रोज दुपारी तीनला रुमेन वाचे आणि रोज वीसातल्या एकदोन वाक्यांत असा एक शब्द येई जो तिनं दिला नव्हता. ती संध्याकाळी घरी जाऊन खणातल्या कागदावर एकेक ओळ खोडे. म्हातारीच्या सहा शब्दांशेजारी हे नवे ठेवले की सख्खी भावंडं वाटत. तिचे स्वतःचे शब्द त्यांच्याशेजारी नाटकातल्या चिकटवलेल्या मिशांसारखे दिसत. हे तिला आधी का दिसलं नव्हतं? की दिसलं होतं?

“प्रिंटर भिजतोय कुठेतरी,” रुमेन कुरकुरला. खरंच, पहाटेचा तो कागद कडेला लाटांसारखा वळलेला असे, आणि दमट. बाकीचे कागद कोरडे. इंगेलानं एकदा पान उलटायला बोट जिभेला लावलं. चव खारट होती. तिनं हात धुतले आणि कुणाला सांगितलं नाही.

वीस फेब्रुवारीपर्यंत तिच्या कागदावरच्या अडतीसही ओळी खोडून झाल्या.

त्याच दिवशी रुमेन तिच्या खोलीत आला आणि त्यानं दार लोटून घेतलं. तो उभाच राहिला.

“मला तुझी माफी मागायचीय,” तो म्हणाला.

“कशाबद्दल?”

“मी तुझ्याबद्दल वाईट विचार केला. मनातल्या मनातच, पण केला. मला वाटलं होतं, ते शब्द तू नोव्हेंबरात बसून...” त्यानं हातानं हवेत काहीतरी मळल्यासारखं केलं. “आज यंत्राची नोंदवही बघत होतो. तू तर त्याच दिवशी भरलेस सगळे. तिथूनच, तिच्यासमोर बसून.”

त्यानं छापील कागद टेबलावर ठेवला. कुणी, काय, केव्हा बदललं हे यंत्र स्वतः टिपतं. ती नोंद माणसाच्या हातात नसते. प्रत्येक ओळीवर इंगेलाचं नाव होतं. तारीख आठ ऑक्टोबर. पहिला शब्द अकरा चाळीसला. दुसरा अकरा चव्वेचाळीसला. मग पाच मिनिटांनी, मग तीन, मग सात, जसं कुणीतरी सावकाश सांगतंय आणि मध्येच उठून चुलीतलं लाकूड हलवतंय. एक वाजता ओळी थांबल्या होत्या. त्यानंतर जेवणाएवढा आणि पाऊण तासाच्या झोपेएवढा वेळ एकही नोंद नव्हती. मग पुन्हा. शेवटचा शब्द दोन पन्नासला.

तीन दहाची बोट गाठायला दोन पन्नासला उठावं लागतं. इंगेला दर वेळी दोन पन्नासलाच उठत असे.

“तर माफ कर,” रुमेन म्हणाला. त्याचे डोळे ओलावले होते. “मी तुमच्यासारखाच झालो बघ. मनात धरलं आणि बोललो नाही.”

इंगेलानं कागद उलटा करून ठेवला. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हे म्हणजे आपण चोरी करावी आणि दुसऱ्याच कुणीतरी रात्रीत येऊन वस्तू जागेवर ठेवावी, वर आपल्या नावाची पावतीही सोडावी, असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती टोरग्नीकडे गेली. तो पुस्तकं खोक्यांत भरत होता. तिनं म्हटलं, मला त्या बाराव्या बैठकीबद्दल सांगायचंय. टोरग्नीनं एक पुस्तक उचललं, त्यावरची धूळ बाहीनं बराच वेळ पुसली, आणि तिच्याकडे न बघता अगदी मायेनं म्हणाला की रुमेननं नोंदी दाखवल्यात, सगळं जागच्या जागी आहे, आणि जे जागच्या जागी आहे त्याला आपण हात लावत नसतो. मग त्यानं विचारलं, शुक्रवारच्या कार्यक्रमाला केक कुठून आणायचा.

*

सोमवारी सकाळी ऑफिसात पहिली तीच पोचली. प्रिंटरवर वीस वाक्यांचा कागद होता. त्याच्या कडा पाण्यात पडून वाळल्यासारख्या झाल्या होत्या.

त्यावर वीस वेळा एकच वाक्य होतं.

‘? ची होवा खुंटीवर आहे.’

हे प्रश्नचिन्ह तिच्या ओळखीचं होतं. एखाद्या साच्याला जसं नाव हवंय तसं डब्यात एकही उरलं नसेल, तर यंत्र अडून बसत नाही. त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतं आणि पुढे जातं. कुणीतरी येईल आणि भरेल.

तिनं फाइल उघडली. न परतलेल्यांचा डबा रिकामा होता. एव्हर्ट त्यात नव्हता. तो तिला मेलेल्यांच्या डब्यात सापडला, आपल्या आईच्या आणि वडिलांच्या नावांमध्ये, जसा काही नेहमीच तिथे होता. ही नोंदही आठ ऑक्टोबरची होती. दोन एक्कावन्न.

तिनं हातानं एव्हर्टचं नाव पुन्हा तिसऱ्या डब्यात घालून पाहिलं. यंत्रानं नकार दिला. प्रकार जुळत नाही.

संध्याकाळी तिनं डीसाला फोन केला. डीसा अल्फहिल्डची भाची. शेजारच्या घरात राहायची, बेटावरचं दुकान चालवायची आणि बोट लागली की धक्क्यावर दोरही तीच धरायची. मावशीनं काही कागदावर लिहून ठेवलंय का, ते जुने शब्द वगैरे, असं इंगेलानं विचारलं.

“कागद कसले? मावशी यादीसुद्धा तोंडपाठ करून दुकानात यायची. आणि ते शब्द, बाई, मला धड सांगता यायचे नाहीत, दाराआडून कानावर पडले तेवढेच. आमच्या आया ते बोलायला लागल्या की आम्हाला बाहेर हाकलत.” मग ती म्हणाली, “ये ना तू. घर अजून तसंच आहे.”

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. दुकानादुकानांत मलईच्या बनांचे डोंगर लागले होते; उपासाआधीचा हा शेवटचा मंगळवार, त्या दिवशी बन खाल्ला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. इंगेलानं दोन बन खोक्यात बांधून घेतले आणि सकाळची बस धरली. दोन तासांत तिनं एकच वाक्य घोकलं: डीसा, मी त्या दिवशी खोटं बोलले, मी आले नाही. घोकून घोकून वाक्य इतकं गुळगुळीत झालं की तेही यंत्रानं पाडल्यासारखं वाटायला लागलं.

बोट अकरा वीसला लागली. वारा अजिबात नव्हता. डीसानं दोर झेलला, खुंटाला गुंडाळला, आणि धक्क्यावर पाय ठेवणाऱ्या इंगेलाकडे असं निरखून पाहिलं जसं आपण खिडकीतून बघतो, बाहेर नक्की कोण आहे ते.

*

पिवळ्या घराला बंद घराचा वास येत होता. राख, साबण आणि त्याखाली ओल. इंगेलानं लोकरीची टोपी काढली आणि दारामागे अडकवली. तिथे दोन खुंट्या होत्या. ही तिची नेहमीची, डावीकडची.

डीसानं चूल पेटवून कॉफी टाकली. बन ताटलीत मांडले. मग फडक्याखालचं एक भांडं पुढे सरकवलं. “आमच्या घरचा आहे खरवस. मावशीसारखा नाही झाला. तिनं त्या दिवशी केला होता तसा परत कुणाला जमायचा नाही.”

“कोणत्या दिवशी?” इंगेलानं विचारलं.

डीसानं साखर ढवळली. ती कॉफीत साखर घेत नसे.

“संध्याकाळी मी दूध द्यायला आले. टेबलावर दोन कप, दोन ताटल्या. दोन्ही चाटूनपुसून. मावशी इतकी खूश होती की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, सगळं सांगून झालं गं, एक शब्द उरला नाही. दिवसभर बसून लिहून घेतलं, म्हणाली.”

“कुणी?”

“मी तेच विचारलं. गोटेबोर्गची का? तर हसली.”

खिडकीशी ती खुर्ची होती. तिच्या गादीवर पांढरट किनार धरलेला मोठा डाग होता, समुद्राचं पाणी वाळल्यावर धरतो तसा.

इंगेला त्या डागाकडे बघते आहे हे डीसानं पाहिलं. “ओलीचिंब होती तेव्हा. मी म्हटलं, मावशी, काय सांडलंस? म्हणाली, सांडलं नाही. लांबून आलेलं माणूस भिजणारच.”

चुलीत लाकूड तडकलं.

इंगेलानं घोकलेलं वाक्य शोधलं. ते सापडेना.

“डीसा,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी...”

“नको,” डीसा म्हणाली.

 बनांना कुणी हात लावला नाही. बाहेर समुद्र काचेसारखा सपाट होता आणि रिकामा धक्का खिडकीतून पुरता दिसत होता, शेवटच्या खुंटापर्यंत. एक वाजला, दोन वाजले. म्हातारीचं घड्याळ बंद होतं, पण इंगेलाला टिकटिक ऐकू येत राहिली.

दोन पन्नासला ती उठली. डीसाही उठली. कोट चढवता चढवता इंगेलाचं लक्ष दारामागे गेलं. उजवी खुंटी मोकळी होती. तिच्याखाली भिंतीवर टोपीच्या आकाराचा एक स्वच्छ गोल उरला होता; बाकी भिंत काजळीनं काळवंडलेली.

“एव्हर्टची...” ती म्हणाली, आणि पुढचा शब्द कोणता वापरायचा ते तिला कळेना.

“टोपी?” डीसा सहज म्हणाली. “एव्हर्टची टोपी त्या दिवसापासून नाहीये. घेऊन गेला असेल.”

टोपी. साधा, रोजचा शब्द. वर्षभरात, अकरा बैठकांत, या घरात एव्हर्टच्या बाबतीत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

डीसा मध्येच थांबली. तिचा हात कडीवर होता.

“दोर मी धरला होता त्या दिवशी,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “बोट वेळेवर आली. वारा नव्हता. तिच्यातून दोन पोती बटाटे उतरले आणि टपाल उतरलं. मावशी सकाळपासून खिडकीत होती. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. चार महिने कुणी बोललं नाही, मीही नाही. तू आलीच नव्हतीस, इंगेला.”

इंगेलानं मान हलवली. 

“आणि अजून आलेली नाहीस,” डीसा हळूच म्हणाली, जशी स्वतःलाच समजावते आहे.

खाली बोटीचा भोंगा वाजला. डीसानं डावीकडच्या खुंटीवरून लोकरीची टोपी काढली, हातावर जराशी झटकली, आणि तिच्यापुढे धरली.

“घे,” ती म्हणाली. “तुझी होवा.”